श्रियाचा हळू चेंडू

टौरंगा, १ सप्टेंबर २०२५

ती. बाळमामा,

साष्टांग नमस्कार, पण उभ्यानेच. इथली फरशी अजून गारठलेली आहे. आजपासून इथे, पृथ्वीच्या खालच्या अंगाला, वसंत सुरू झाला म्हणे, पण तो फक्त रेडिओवर.

पत्र कामाचं आहे. फोन केला असता, पण तुमचं कानातलं मशीन शिट्टी मारतं आणि तुम्ही माझ्यावर ओरडता. म्हणून हे ईमेल. शकुमामी मोठ्या अक्षरात छापून देतील.

आमची श्रिया बेसबॉल खेळते हे तुम्हाला माहीत आहे. ती पिचर आहे, म्हणजे आपल्याकडची गोलंदाज समजा. मातीच्या छोट्या उंचवट्यावर उभं राहायचं आणि समोरच्याला चेंडू टाकायचा. टप्पा नाही, थेट. आणि मामा, आता खुर्चीत बसून वाचा: कोपर वाकवून टाकायचा. तसाच टाकायचा असतो. फलंदाज तीनदा चुकला की बाद.

या शनिवारी तिचं स्प्रिंग कॅम्प सुरू होतंय. सहा शनिवार सराव आणि आपापसातले सामने. ते संपलं की कोच हेमी जानेवारीत ब्रिस्बेनला जाणारा संघ निवडणार. मुलं-मुली एकत्र, आणि पिचरमध्ये ही एकटी मुलगी. तिकडे नोव्हेंबरात तिची मोठी परीक्षा. तिचा बाप यतीन म्हणतो, खेळू दे. माझं म्हणणं सरळ आहे. खरंच चांगली असेल तर खेळावं, ब्रिस्बेनलाही जावं. नसेल तर ग्लव्ह गॅरेजमध्ये ठेवून पुस्तक उघडावं. श्रियाने हे मान्य केलं. फक्त विचारलं, "हू डिसाइड्स?"

इथेच घोडं पेंड खातंय. पॅकहाऊसमध्ये दिवसभर किवीची फळं पास-नापास करणारी मी, पण या खेळातलं मला ओ की ठो कळत नाही. कोचला विचारावं, तर इथली माणसं कुणाला वाईट म्हणतच नाहीत. क्लबच्या किचनमध्ये माझ्या हातून कपांचा अख्खा ट्रे फुटला, तेव्हा हेमी म्हणाला होता, "ऑल गुड." म्हणून मी तुमचं नाव घेतलं. मिरजेत इतकी वर्षं तुम्ही शाळांचे संघ निवडलेत, तीन चेंडू पाहून पोरगं ओळखायचात. श्रिया म्हणाली, "ओके. मामाआजोबा इज फेअर."

तर आता न्यायाधीश तुम्ही. दर शनिवारी मला जे दिसेल ते मी कळवत जाईन.

तुमची,
नीता

*

मिरज, ६ सप्टेंबर

चि. नीता,

उभ्याने केलेल्या नमस्काराला बसल्या बसल्या आशीर्वाद.

आज विसर्जन. मिरवणुकीचा आवाज मलासुद्धा ऐकू येतोय, यावरून बाकीच्यांचे हाल समजून घे.

कोपर वाकवून! मी पत्र खाली ठेवलं आणि तुझ्या मामीकडे पाणी मागितलं. असल्या गोलंदाजांना मैदानाबाहेर काढण्यात माझं आयुष्य गेलं, आणि आता माझ्याच घरात हे रत्न निपजलं. असो, आलिया भोगासी. काम स्वीकारतो.

यतीनरावांनी सरावाचा व्हिडिओ पाठवला तो पाहिला. त्यात कुंपणाची जाळी फार सुरेख आली आहे. जाळीमागे काहीतरी हलतंय, ती श्रिया असावी. तेव्हा डोळे तूच उघडे ठेव. एवढं कळवत जा: किती बाद झाले, किती जणांनी तडकावलं, आणि मार बसल्यावर पोरीचं तोंड कसं होतं. बाकीचं मी इथून जुळवतो. खेळ कुठलाही असो, निवडणाऱ्याची नजर एकच असते.

मात्र एक. मी नाही म्हटलं तर मग रडारड नको. तिचीही नको आणि तुझीही.

बाळमामा

(फोटोत अंगठा आलाय तो माझा. यांच्या पत्राचा फोटो काढताना हात थरथरतो, कारण हे मागे उभे राहून सूचना देतात. शकुमामी)

*

टौरंगा, १४ सप्टेंबर

ती. मामा,

नमस्कार. दोन शनिवार झाले आणि माझं डोकं पार भंजाळलं आहे.

पहिल्या शनिवारी श्रिया उंचवट्यावर चढली आणि तिने नुसती दाणादाण उडवली. एकाचीही बॅट चेंडूला लागेना. एक उंचापुरा मुलगा तर बॅट फिरवता फिरवता स्वतःच गोल फिरून खाली बसला. मी अशी ओरडले की शेजारच्या बाईने कॉफी सांडली. आणि मामा, ऐन रंगात असताना कोचने तिला उतरवलं! दुसऱ्या मुलाला चढवलं. ती बाहेर आली तेव्हा हेमी तिला एवढंच म्हणाला, "नॉट बॅड."

काल दुसरा शनिवार. काल तिला धुतलं. मैदानाला लागून किवीची बाग आहे, तिला उंच झाडांचं दाट कुंपण. त्यात गेलेला चेंडू पुन्हा दिसत नाही. काल त्या कुंपणात चेंडूंची रांग लागली. तो गोल फिरणारा मुलगासुद्धा मारून गेला. मी पर्समध्ये तोंड घालून डोळ्यांवरचाच चष्मा शोधत बसले. आणि हेमी टाळ्या वाजवत होता! आपल्याच श्रियासाठी! "हीप्स बेटर, श्रिया! हीप्स बेटर!"

चांगलं टाकलं तर नॉट बॅड, मार खाल्ला तर हीप्स बेटर. याला काय म्हणायचं? यतीन म्हणतो, इथे नॉट बॅड म्हणजे फार चांगलं. मग हीप्स बेटर म्हणजे? तर म्हणे, त्याहून चांगलं. या माणसाशी बोलण्यात अर्थ नाही.

तुम्ही तोंडाचं विचारलंत. मार बसला की ती रडत नाही, चिडतही नाही. आपल्या बोटांकडे बघते. परतताना गाडीत म्हणाली, "इट्स फाइन, मम," आणि रेडिओ लावला.

नीता

*

मिरज, १९ सप्टेंबर

चि. नीता, आशीर्वाद.

रंगात असताना उतरवलं हे वाचलं आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. चांगल्या पोराला उतरवायचं आणि आपल्या पोराला चढवायचं, हा प्रकार मी जिल्हा समितीवर जन्मभर पाहिला. त्या हेमीचा मुलगा संघात आहे का बघ. मुलगा नसेल तर भाचा बघ. भाचाही नसेल तर मेव्हण्याकडची चौकशी कर. आपल्या माणसाची वाट मोकळी होत असेल तर दुसऱ्याच्या मारावर टाळ्या वाजवायला काय जातंय?

आता दुसरी बाजू. एका शनिवारी वाघ आणि पुढच्या शनिवारी शेळी, असा गोलंदाज मी कधी संघात घेतला नाही. सातत्य नाही तर काही नाही. पण बोटांकडे बघते म्हणालीस, ते मला कळलं नाही. मार खाल्लेला गोलंदाज आकाशाकडे बघतो, नाहीतर क्षेत्ररक्षकाकडे डोळे वटारतो. बोटांकडे कशाला बघेल?

तूर्त माझा कल नाहीकडे आहे, पण निकाल राखून ठेवतो.

बाळमामा

(जेवताना लिंबाची फोड घेऊन कोपर वाकवून दाखवत होते. भिंतीवर डाग पडला आहे. तो खेळ लवकर संपव बाई. शकुमामी)

*

टौरंगा, २८ सप्टेंबर

ती. मामा,

हेमीला मुलगा नाही, भाचा नाही. एक कुत्री आहे, ती खेळत नाही. तो बंदरावर ओंडके चढवायचं यंत्र चालवतो. यतीनच्या ऑफिसच्या खिडकीतून दिसतो. सरळ माणूस आहे. म्हणजे तुमचा तर्क बाद.

तिसरा शनिवार शेळी. कालचा चौथाही शेळी. चेंडू इतका सावकाश येतो की वाटेत कुठेतरी चहा घेऊन येत असावा. काही तर अलीकडेच मातीत पडतात. मला वाटलं, हात दुखावला. फिजिओकडे नेलं. त्याने हात सगळीकडून फिरवून पाहिला आणि म्हणाला, "स्वीट ॲज." इतकी वर्षं इथे राहून अजूनही मला हे वाक्य अर्धवट वाटतं. मी पुढचं ऐकायला थांबले, तर त्याने दार उघडून धरलं होतं. हाताला काही झालेलं नाही.

मग मी श्रियाला विचारलं, "अगं, काय चाललंय?" म्हणाली, "नथिंग, मम. इट्स स्प्रिंग." हे काय उत्तर झालं?

मामा, मला खरंच वाईट वाटतंय. मी नाही म्हणायला टपून बसलेली नाही. पहिल्या शनिवारी मला इतका आनंद झाला होता की मी घरी येऊन तिच्या खोलीत ब्रिस्बेनसाठी बॅग कुठली द्यायची ते बघत होते. पण डोळ्यांना दिसतंय ते कसं नाकारू? ११ ऑक्टोबरला शेवटचा शनिवार. तो झाला की तुम्ही काय तो निकाल द्या. माझ्या तोंडाने मला तिला नाही म्हणवणार नाही, मी तुमचं पत्र दाखवेन.

नीता

*

मिरज, २ ऑक्टोबर, दसरा

चि. श्रिया,

सोनं घे, सोन्यासारखी राहा. तुला देवनागरी वाचायचा कंटाळा, म्हणून शकुआजी हे पत्र वाचून आवाज पाठवते आहे. मध्ये खोकेल, तो मजकूर नाही.

हे आपल्या दोघांतलं, आईला सांगायची गरज नाही. न्यायाधीशाला साक्षीदार तपासायचा हक्क असतो. तुझी आई लिहिते ते वाचून मी चक्रावलो आहे. हात ठणठणीत, पहिल्या शनिवारी वेग होता, आणि मग एकदम सावकाश? पोरी, तुला खेळ नकोसा झालाय का? तोंडाने सांगवत नाही म्हणून असं करते आहेस का? तसं असेल तर सांग, तुझ्या आईला मी बघून घेतो. माझा काही राग नाही.

मामाआजोबा

*

टौरंगा, ४ ऑक्टोबर

मामाआजोबा,

किया ओरा आणि नमस्कार. मी फोनला बोलते, फोन मराठी लिहितो. चुका फोनच्या आहेत.

मला खेळ नको नाही. मला खेळ हवा आहे. खूप.

कोच म्हणाला, तुझा फास्ट बॉल मी बघितला आहे. आता मला स्लो बॉल बघायचा आहे. हात तेवढाच जोरात फिरवायचा, पण बॉल बोटांत वेगळा धरायचा. मग तो स्लो जातो आणि बॅटर फसतो. मला तो येत नव्हता. कोच म्हणाला, स्प्रिंगमध्ये तोच टाक. मार बसला तर बसू दे. आत्ता कोणी स्कोर बघत नाही, स्प्रिंग त्यासाठीच असतो. पहिल्या दिवशी मला लवकर काढलं ती पण पनिशमेंट नव्हती. हाताला रेस्ट. सगळ्यांना काढतात.

आता तो थोडा थोडा येतो. आज एक बॅटर पूर्ण फसला, त्याने बॉल यायच्या आधीच बॅट फिरवली. कोच हसला. मी पण हसले. तेव्हा मम पाठ करून कोणाशी तरी बोलत होती. मग पुढचा बॉल ऑर्चर्डमध्ये गेला, तो तिने बघितला.

मी ममला हे सांगितलं नाही. मार खाल्ल्यावर रीझन दिलं की ते एक्सक्यूज वाटतं. मॅथ्समध्ये मार्क्स कमी आले तेव्हा मी म्हटलं पेपर हार्ड होता. मम म्हणाली, बाकीच्यांना पण तोच पेपर होता. म्हणून मी आता रीझन देत नाही.

पण प्रॉब्लेम आहे. कोच म्हणतो लास्ट सॅटरडेला पण प्रत्येक बॅटरला स्लो बॉल टाक. आणि लास्ट सॅटरडे बघून तुम्ही डिसाइड करणार. तो बॉल अजून पक्का नाही. मी काय टाकू? तुम्ही सांगा. मी ऐकेन.

श्रिया

*

मिरज, ७ ऑक्टोबर

चि. श्रिया,

तुझं पत्र वाचून छातीवरचा धोंडा उतरला. आता बोटांचंही कळलं. हळू चेंडू आमच्याकडेही असतो, तो टाकायला काळीज लागतं. तुझा कोच शहाणा आहे.

पण सराव वेगळा आणि निवड वेगळी. शेवटचा शनिवार म्हणजे परीक्षा. परीक्षेला आपण नवं पेन घेऊन जातो का? जे हाताला बसलंय तेच न्यायचं. तू तुझा वेगवान चेंडू टाक, फक्त तोच टाक. कोच सरावात काहीही म्हणो, निवडायला बसला की माणूस बळीच मोजतो. हे मी सांगतो, कारण तो माणूस मीच होतो.

आईला काही बोलू नकोस. तिला नुसतं बघू दे.

मामाआजोबा

*

टौरंगा, ११ ऑक्टोबर

ती. मामा,

मामा!! तुम्ही इथे हवे होतात!

वाघ! वाघ नाही, वाघीण! कुणाला चेंडू दिसलासुद्धा नाही. एक आला, एक गेला. तो उंचापुरा मुलगा तर बाद होऊन जाताना स्वतःच तिला टाळी देऊन गेला. कुंपणात एकही चेंडू नाही. यतीन व्हिडिओ काढायचं विसरून उड्या मारत होता, तेव्हा जाळीही पाहायला मिळणार नाही.

हे मधले शनिवार काय होतं कोण जाणे. बहुतेक तिच्या मनावर ताण होता आणि तो उतरला. आता विचारतच नाही, दृष्ट लागायची.

फक्त हेमीचं वागणं मला उमगलं नाही. बाकीचे पालक येऊन माझा हात हातात घेत होते, तो मात्र माझ्याकडे फिरकलाच नाही. श्रियाच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी विचारलं. तिने मान हलवली. मग तो बॅटी गोळा करायला लागला. घरी येताना मी इंडियन दुकानातून पेढे घेतले. श्रियाने एकच खाल्ला, म्हणाली, "आय'म टायर्ड." दमणारच ना, एवढं टाकल्यावर.

संघ मंगळवारी कळेल. पण तुमचा निकाल मला आत्ताच हवा. सांगा मामा, चांगली आहे ना माझी मुलगी?

नीता

*

टौरंगा, १५ ऑक्टोबर

ती. मामा,

श्रिया संघात नाही.

काल हेमी स्वतः घरी आला. दाराबाहेर चपला काढल्या, चहा घेतला आणि सांगितलं. मी म्हटलं, "पण शनिवारी तिने सगळ्यांना बाद केलं!" तो म्हणाला, "येह. दॅट वॉज द प्रॉब्लेम." मला वाटलं, मला इंग्रजी येत नाही.

मग त्याने समजावलं. मधले सगळे शनिवार त्यानेच तिला हळू चेंडू टाकायला सांगितलं होतं. मार खाल्ला तरी चालेल असं सांगून! म्हणून टाळ्या. बाकीची मुलं एक-दोनदा मार बसला की गुपचूप आपल्या जुन्या चेंडूवर परत जायची. ही एकटी हटली नाही. म्हणाला, "शी वॉज माय फर्स्ट पिक." नाव लिहूनसुद्धा झालं होतं. आणि शेवटच्या दिवशी, सगळे बघत असताना, तिने तो चेंडू एकदाही टाकला नाही. तिकडे ब्रिस्बेनला गर्दीपुढे ही नुसती जोर लावत बसली तर कोवळा हात मोडून घेईल, एवढीच त्याला काळजी. जोर आहे हे त्याला आधीच माहीत होतं. त्याला धीर बघायचा होता. सराव चालू ठेव, पुढच्या स्प्रिंगला बघू, असं तिला म्हणाला.

त्याने माझ्यासमोर तिला विचारलं, असं का केलंस? ती म्हणाली, "आय जस्ट वॉन्टेड टु." बस्स, एवढंच.

तो गेल्यावर ती उठली, ग्लव्ह घेतला आणि गॅरेजमध्ये रंगाच्या डब्यांवर ठेवून आली. मी काही बोलले नव्हते. मी म्हटलं, "श्रिया, थांब जरा." तर म्हणाली, "ठरलं होतं ना, आई." मराठीत, मामा. जन्मापासून मी तिच्या मागे लागले आहे की मराठीत बोल, आई म्हण. काल म्हणाली.

मला काही समजत नाही. मी ज्याला वाईट म्हणत होते ते चांगलं होतं, ज्याचे पेढे वाटले ते वाईट होतं. आणि तिने मला आधी का नाही सांगितलं? मग ऐन दिवशी असं का केलं? तुम्हाला काही कळतंय का?

नीता

*

मिरज, १८ ऑक्टोबर

चि. नीता,

मला कळतंय. त्या पोरीने माझं नाव घेतलं नाही, म्हणून मी घेतो. शेवटच्या शनिवारी वेगवान चेंडू टाकायला मी सांगितलं. तुझ्यापासून लपवून. तिने सगळं मला आधीच सांगितलं होतं, आणि काय टाकू असं विचारलं होतं. मी म्हटलं, परीक्षेत नवं पेन नको. ती म्हणाली होती, तुम्ही सांगा, मी ऐकेन. ऐकलं बिचारीने.

मी विचार केला की सामना म्हणजे सामना, निवड म्हणजे निवड. मला वाटलं, सगळीकडे निवडणारे माझ्यासारखेच असतात. तो ओंडकेवाला माझ्यासारखा नव्हता. तो नव्या पेनाचीच परीक्षा घेत होता. तुला राग येईल, आला पाहिजे. माझा मलाच आलाय. घरात फराळ झालाय, आणि चिवडा पुढ्यात असून हात जात नाही.

पण तू मला निकाल द्यायला नेमलं होतंस, तो आज देतो. मैदानावर फटके खाणारी पोरं मी पुष्कळ पाहिली. पण त्यांची आई काठावर बसून त्यांचा खेळ बंद करायची वाट बघत नव्हती. ही पोरगी तुला सगळं दिसतंय हे माहीत असून, त्यावर आपला खेळ टिकणार की जाणार हे माहीत असून, शनिवारमागून शनिवार मार खात राहिली, कारण तिला एक चेंडू शिकायचा होता. कारण सांगितलं नाही, कारण कारणं तुझ्या घरात चालत नाहीत. आणि चुकीचा सल्ला देणाऱ्या म्हाताऱ्याचं नावसुद्धा सांगितलं नाही. नीता, असा खेळाडू माझ्या हाताखाली एकही आला नाही.

निकाल: ग्लव्ह गॅरेजमधून काढ. परीक्षेचा अभ्यास ती करेल. जी पोरगी हे करू शकते तिला अभ्यासाचं भय नाही.

बाळमामा

(हे पत्र यांनी नव्या पेनाने लिहिलं आहे. मध्ये मध्ये शाई तुटते, पण जुनं घेतलं नाही. तो आवाजाचा निरोप मीच पाठवला होता गं, माझ्यावरही राग काढ, पण यांना फोन कर. ऐकू नाही आलं तरी चालेल. शकुमामी)

*

टौरंगा, २७ ऑक्टोबर

ती. मामा,

फोनवर मी काय बोलले ते तुम्हाला ऐकू आलं नाही हे बरं झालं. मामींनी ऐकलं, आणि नंतर मी त्यांची माफीही मागितली. मला तुमचा राग आला होता, पण आता उरला नाही. माझा माझ्यावरचा मात्र उरला आहे, तो जरा राहू दे.

मी श्रियाला विचारलं, "मधल्या शनिवारी मला सांगितलं असतंस की कोचनेच सांगितलंय, तर?" ती म्हणाली, "वुड यू हॅव बिलीव्ह्ड मी?" मी तिला म्हणाले असते, बाकीच्यांनाही तोच कोच आहे.

आज इथे सुट्टी. फराळ संपला, पाऊस थांबला, तर मी गॅरेजमध्ये गेले आणि ग्लव्ह काढला. एक नाही, दोन. दुसरा यतीनचा, त्याने कधी वापरलाच नाही. मागच्या अंगणात कुंपणाजवळ जाऊन उभी राहिले आणि हाक मारली. ती दारात येऊन बघत राहिली. मी म्हटलं, "टाक. हळूवाला."

म्हणाली, "मम, यू कान्ट कॅच."

मी म्हटलं, "मला पकडता येत नाही आणि तुला टाकता येत नाही. बरोबरी झाली."

मामा, पहिला चेंडू माझ्यापर्यंत आलाच नाही, गवतात पडला. दुसरा शेजाऱ्यांच्या लिंबात गेला. तिसरा माझ्या नडगीवर बसला, अजून ठणकतंय. मी म्हटलं, "हीप्स बेटर!" ती इतकी हसली की तिला बसावं लागलं. मग उठून परत टाकायला लागली, अंधार पडेपर्यंत. एक चेंडू आला, आला असं वाटलं, मी हात मिटला आणि तो नंतर आला. तोच तो असावा. मला नीट सांगता येणार नाही, पण तिने बोटांकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं.

उद्यापासून ती सरावाला जाणार आहे. संध्याकाळी सहापर्यंत अभ्यास, मग मैदान. निकाल वगैरे आता तुम्हीही देऊ नका आणि मीही देणार नाही.

यतीनने आजचा व्हिडिओ काढला आहे, या वेळी जाळी नाही. बहुतेक सगळे चेंडू वाईट आहेत. शेवटपर्यंत बघा.

तुमची,
नीता